जुलाबात नुसतं पाणी का पुरत नाही? पेशीचं पटल आणि मीठ-साखरेचं गणित

पावसाळा सुरू झाला की मानखुर्द-गोवंडी भागातल्या दवाखान्यांत जुलाब-उलटीचे पेशंट वाढतात. लहान मुलाला घेऊन आलेले आई-वडील बहुतेक वेळा एकच सांगतात, "डॉक्टर, पाणी तर सारखं पाजतोय, पण जातंय तसंच बाहेर पडतंय." काही घरांत उलट समज असतो. पाणी दिलं की जुलाब वाढतात असं वाटून पाणीच बंद केलेलं असतं. दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: प्यायलेलं पाणी आतड्यातून रक्तात जातं तरी कसं?

याचं उत्तर आपल्या पेशींच्या पटलात आहे. शाळेत आठवीच्या आसपास 'पेशीपटल', 'विसरण', 'परासरण' हे शब्द आपण वाचलेले असतात आणि परीक्षेनंतर विसरलेलेही असतात. घरात जुलाब झालेलं मूल असेल तेव्हा मात्र हा धडा खरोखर उपयोगी पडतो. तो समजला की ओआरएस का द्यायचं, ते मोजूनच का बनवायचं आणि कोल्ड्रिंक का चालत नाही, हे पाठ करावं लागत नाही.

थोडक्यात

- पाणी आतड्यातून आपोआप शोषलं जात नाही. ते मिठामागोमाग रक्तात जातं.
- आतड्याच्या पेशीवर मीठ आणि साखर एकत्र आत घेणारं एक दार असतं. बहुतेक जुलाबांत हे दार चालू राहतं. ओआरएस याच दारातून काम करतं.
- मीठ-साखरेचं प्रमाण चुकलं तर उपाय उलटतो. जास्त साखरेमुळे जुलाब वाढतात आणि जास्त मीठ धोकादायक ठरतं.
- मूल सुस्त पडलं, पिईनासं झालं, लघवी बंद झाली किंवा शौचातून रक्त आलं तर घरी थांबू नका.

पेशीचं पटल म्हणजे काय?

आपलं शरीर अब्जावधी पेशींचं बनलेलं आहे. प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ पडदा असतो. त्याला पेशीपटल म्हणतात. त्याची जाडी आपल्या केसाच्या जाडीच्या साधारण दहा हजाराव्या भागाएवढी असते. पेशीत काय यावं आणि काय बाहेर जावं, हे हा पडदा ठरवतो.

हा पडदा मुख्यतः स्निग्ध पदार्थाचा, म्हणजे एका प्रकारच्या चरबीचा बनलेला असतो. या चरबीच्या प्रत्येक कणाला एक डोकं आणि दोन शेपट्या असतात. डोक्याला पाणी आवडतं, शेपट्यांना पाणी नको असतं. पेशीच्या आतही पाणी आणि बाहेरही पाणी. त्यामुळे हे कण दोन थरांत उभे राहतात. डोकी दोन्ही बाजूंच्या पाण्याकडे आणि शेपट्या मधे, एकमेकींकडे तोंड करून. वरणावरची तुपाची फोडणी पाण्यात मिसळत नाही, तसाच पटलाचा हा मधला तेलकट थर पाण्यात विरघळलेल्या बहुतेक पदार्थांना अडवतो.

या थरात कोलेस्टेरॉलही असतं. रक्त तपासणीच्या कागदावर ज्याची भीती वाटते, तेच इथे कामाचं असतं. पटल फार घट्टही होऊ नये आणि फार सैलही होऊ नये, हे ते सांभाळतं.

पटलात ठिकठिकाणी प्रथिनं बसवलेली असतात. पेशीची दारं, नळ आणि पंप म्हणजे ही प्रथिनंच. पटल एखाद्या भिंतीसारखं स्थिर नसतं. त्यातले चरबीचे कण आणि बरीच प्रथिनं सतत हलत, सरकत असतात. सिंगर आणि निकोल्सन या दोन शास्त्रज्ञांनी १९७२ साली पटलाचं हे चित्र मांडलं आणि आजही तेच शिकवलं जातं.

पटलाच्या बाहेरच्या बाजूला साखरेच्या छोट्या छोट्या साखळ्या चिकटलेल्या असतात. घराच्या दारावर नावाची पाटी असावी, तशा या पेशीच्या पाट्या. आपला रक्तगट म्हणजे तांबड्या पेशींवरच्या अशाच पाट्या. या पाट्यांशी मुंबईचं नाव कायमचं जोडलं गेलं आहे. परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमधले डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली असा रक्तगट शोधला, ज्यात 'ओ' गटाच्या पेशींवर असणारी मूळ साखळीसुद्धा नसते. जगभर त्याला 'बॉम्बे रक्तगट' म्हणतात. या गटाच्या माणसाला 'ओ' गटाचं रक्तही चालत नाही. पटलावरच्या एका साखळीने केवढा फरक पडतो, हे यावरून लक्षात येईल. या पाट्यांचा संबंध पुढे कॉलऱ्यातही येणार आहे.

पदार्थ आत-बाहेर कसे जातात?

पटलातून जाण्याचे मुख्य चार मार्ग आहेत.

*१. सरळ आरपार.* उदबत्ती एका खोलीत लावली की वास दुसऱ्या खोलीत पोहोचतो. जिथे जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिकडे कण पसरतात. याला विसरण म्हणतात. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड असे पटलातून थेट ये-जा करतात. त्यासाठी पेशीला शक्ती खर्च करावी लागत नाही.

*२. पाण्याचा प्रवास.* काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घालून ठेवलं की थोड्या वेळात पाणी सुटतं. लोणच्यासाठी कैरीला मीठ लावलं की तेच होतं. उलट, बेदाणे पाण्यात भिजवले की फुगतात. कारण पाणी नेहमी कमी विरघळलेल्या बाजूकडून जास्त विरघळलेल्या बाजूकडे जातं. याला परासरण म्हणतात. मीठ किंवा साखर जिकडे जास्त, पाणी तिकडे. या लेखातली एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली तरी पुष्कळ झालं.

बऱ्याच पेशींत पाण्यासाठी खास नळही असतात. त्यांना अ‍ॅक्वापोरिन म्हणतात. त्यांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

*३. दारं आणि पंप.* साखर आणि मीठ यांना तेलकट थर ओलांडता येत नाही. त्यांच्यासाठी प्रथिनांची दारं लागतात. काही दारं नुसती उघडतात आणि पदार्थ उतारावरून जावा तसा आत जातो. काही ठिकाणी मात्र पदार्थ चढावर ढकलावा लागतो. तिथे पंप असतो आणि पंपाला शक्ती लागते. सर्वांत महत्त्वाचा पंप सोडियमचा. तो प्रत्येक फेरीत सोडियमचे तीन कण पेशीबाहेर काढतो आणि पोटॅशियमचे दोन कण आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी तो १९५७ साली शोधला. आपण झोपलेलो असतानाही शरीराच्या शक्तीचा मोठा वाटा हा पंप चालवण्यात जातो. त्याच्यामुळे पेशीच्या आत सोडियम नेहमी कमी राहतं आणि बाहेरचं सोडियम आत यायला टपलेलं असतं.

*४. पुडी बांधून.* मोठा पदार्थ असेल तर पटल त्याच्याभोवती दुमडतं, पुडी तयार होते आणि ती आत ओढली जाते. पांढऱ्या पेशी जंतूंना अशाच गिळतात.

आतड्यात रोज आठ-नऊ लिटर पाणी

मोठ्या माणसाच्या आतड्यात रोज साधारण आठ ते नऊ लिटर पाणी येतं. त्यातलं दोनेक लिटर आपण खाण्यापिण्यातून घेतलेलं असतं. बाकीचं लाळ, जठररस, पित्त आणि आतड्याचे स्राव या रूपाने शरीरच सोडतं. यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात घेतलं जातं. शौचातून जेमतेम शंभर ते दोनशे मिलिलिटर बाहेर पडतं.

हे पाणी परत घेण्याचं काम आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी करतात. त्या आधी सोडियम आत घेतात, मग पंपाने ते रक्ताच्या बाजूला ढकलतात. मीठ तिकडे गेलं की पाणी त्याच्यामागे जातं, कोशिंबिरीसारखंच. म्हणजे पाणी शोषलं जायचं असेल तर आधी मीठ शोषलं जायला हवं.

जुलाबात नेमकं काय बिघडतं?

याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे कॉलरा. कॉलऱ्याचा जंतू आतड्याच्या पेशीत शिरत नाही. तो बाहेर राहूनच एक विष सोडतो. हे विष पेशीच्या पटलावरची साखरेची एक ठरावीक पाटी ओळखतं, तिला चिकटतं आणि आत शिरतं. आत गेल्यावर ते पेशीचं क्लोराइड बाहेर सोडणारं दार उघडंच ठेवतं. क्लोराइड आतड्यात वाहू लागतं, त्याच्यामागे सोडियम आणि दोघांच्या मागे पाणी. तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखे जुलाब होतात. तीव्र आजारात काही तासांत अंगातलं इतकं पाणी जातं की जीव धोक्यात येतो. जुलाबांमागे असं विष असतं हे कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ साली दाखवून दिलं. त्याआधी जंतूचा शोध लागून अनेक दशकं उलटली होती, पण माणूस नेमका कशाने मरतो हे स्पष्ट नव्हतं.

लहान मुलांमध्ये बहुतेक वेळा कारण विषाणू असतो. त्यात रोटाव्हायरस प्रमुख आहे. तो अस्तराच्या वरच्या पेशींनाच इजा करतो, त्यामुळे शोषण कमी होतं. या पेशी दर तीन ते पाच दिवसांनी नव्या होतात, म्हणून असे जुलाब बहुतेक आठवडाभरात आपोआप थांबतात. तोपर्यंत मुलाच्या अंगातलं पाणी आणि मीठ टिकवणं हाच खरा उपचार. बहुतेक जुलाबांत अँटिबायोटिकची गरजच नसते.

मीठ आणि साखर यांचं एकत्र दार

कॉलऱ्याचं विष मीठ शोषण्याचे काही मार्ग बंद करतं. पण एक दार शाबूत राहतं. या दाराची रीत अशी, की ते एकट्या मिठासाठी किंवा एकट्या साखरेसाठी उघडत नाही. सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोजचा एक कण एकत्र आले तरच ते दोघांना आत घेतं. आत आलेलं सोडियम पंपाने रक्ताकडे जातं आणि पाणी त्याच्यामागे. सोडियम आणि साखर अशी जोडीने आत जातात ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग इथे मांडली.

म्हणून नुसतं पाणी पाजलं की ते आतड्यात साचतं आणि बरंचसं जुलाबातून बाहेर पडतं. मिठाचं पाणी एकटं दिलं तरी ते नीट शोषलं जात नाही. साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र असतील तेव्हाच ते दार उघडतं.

याचा मोठा पुरावा आपल्या देशातच मिळाला. १९७१ साली बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात पश्चिम बंगालच्या बनगाव इथल्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला. सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पुड्या बांधल्या. ते पाणी पिंपांत तयार केलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांकडूनच पाजून घेतलं. जिथे शंभरात तीसच्या आसपास रुग्ण दगावत होते, तिथे ओआरएस घेणाऱ्यांमधलं हे प्रमाण शंभरात चारच्याही खाली आलं. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. पाणी पाजणारे हात घरच्याच माणसांचे होते, ही गोष्ट तुमच्यासाठी महत्त्वाची आहे.

प्रमाण चुकलं तर काय होतं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजच्या सूत्रानुसार एक लिटर ओआरएसमध्ये मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. त्यात सोडियम आणि ग्लुकोजच्या कणांची संख्या सारखी राहते. विरघळलेल्या सगळ्या कणांचं एकूण माप २४५ येतं. आपल्या रक्ताचं हेच माप २९० च्या आसपास असतं. म्हणजे ओआरएस रक्तापेक्षा थोडं पातळ आहे, म्हणून परासरणाच्या नियमाने पाणी आतड्याकडून रक्ताकडे जातं. पोटॅशियम जुलाबातून गेलेली कमतरता भरून काढतं. ते कमी झालं की अंगात त्राण राहत नाही आणि पोट फुगतं.

आता हा नियम उलटा लावून बघा.

*साखर फार झाली तर:* कोल्ड्रिंक, डब्यातला ज्यूस किंवा भरपूर साखरेचं सरबत यांत साखर खूप आणि मीठ नावापुरतं असतं. इतकी साखर शोषली जात नाही. ती आतड्यातच राहते आणि रक्तातलं पाणी आतड्यात ओढते. जुलाब वाढतात.

*मीठ फार झालं तर:* एक लिटरची पुडी एका ग्लासात विरघळवली, तर ते पाणी पाचपट घट्ट होतं. रक्तातलं सोडियम वाढतं, पेशींतलं पाणी बाहेर खेचलं जातं आणि लहान मुलात मेंदूच्या पेशींवर परिणाम होऊन झटके येऊ शकतात. दुकानात एक लिटरची मोठी पुडी आणि २०० मिलिलिटरची छोटी पुडी अशा दोन्ही मिळतात. पुडी फोडण्याआधी तिच्यावर किती पाण्यासाठी आहे ते वाचा.

मेडिकलमध्ये टेट्रा पॅकमध्ये ओआरएससारखी नावं असलेली फळांची गोड पेयं बरीच वर्षं विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरायला मनाई केली. तरीही विकत घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, हे स्वतः पाहा.

घरी ओआरएस कसं द्यायचं?

१. हात साबणाने धुवा. उकळून थंड केलेलं पाणी घ्या. पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली मापाला चांगली.

२. पुडी पूर्ण ओता. अर्धी पुडी अंदाजाने वापरू नका. त्यात आणखी साखर, मीठ, दूध किंवा ज्यूस घालू नका.

३. विरघळल्यावर चव घ्या. ती अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये.

४. प्रत्येक पातळ शौचानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर आणि त्यापुढे तहानेप्रमाणे द्या.

५. लहान मुलाला चमच्याने, मोठ्यांना घोट घोट. एकदम ग्लासभर दिलं तर उलटी होते. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा अगदी सावकाश सुरू करा. थोडं तरी पोटात राहतंच.

६. तयार केलेलं पाणी झाकून ठेवा आणि २४ तासांनंतर उरलेलं टाकून द्या.

पुडी मिळेपर्यंत घरी करता येईल असं पाणी: एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चहाचा चमचा मीठ. चमचा शिगोशीग भरू नका. या पाण्यात पोटॅशियम नसतं, म्हणून पुडी मिळाली की तीच वापरा. मीठ घातलेली भाताची पेज, वरणाचं पाणी आणि मीठ घातलेलं ताकही सोबत चालतं. पेजेतला भात पचताना हळूहळू ग्लुकोज सुटतं आणि ते त्याच दारातून आत जातं. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी असतं. ते वरून द्या, ओआरएसऐवजी नको.

आईचं दूध अजिबात बंद करू नका. मोठ्या मुलाला मऊ भात, खिचडी, केळं, दही देत राहा. उपाशी ठेवल्याने आतडं लवकर बरं होत नाही, उलट नव्या पेशी बनायला उशीर लागतो.

झिंकची गोळी कशाला?

नव्या पेशी बनायला झिंक लागतं आणि जुलाबात ते शरीरातून जातं. म्हणून मुलांना ओआरएसबरोबर १४ दिवस झिंक देतात: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, सहा महिन्यांपुढे २० मिलिग्रॅम. गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवता येते. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी १४ दिवस पूर्ण करा. महापालिकेच्या दवाखान्यात आणि आरोग्य केंद्रात ओआरएस आणि झिंक मोफत मिळतं.

"डॉक्टर, एक सलाइन लावूनच टाका"

ही मागणी रोज होते. सलाइन म्हणजे मुख्यतः मिठाचं पाणी. साध्या सलाइनच्या लिटरभर बाटलीत नऊ ग्रॅम मीठ असतं, पोटॅशियम नसतं. ते आतड्याला वळसा घालून थेट रक्तात जातं. पेशंट बेशुद्धीकडे चालला असेल, पिऊच शकत नसेल किंवा अंगातलं पाणी फारच कमी झालं असेल तेव्हा सलाइन जीव वाचवतं. तिथे वेळ घालवू नये. पण जो पेशंट पिऊ शकतो, त्याला ओआरएस तितकंच उपयोगी पडतं, सुईशिवाय आणि कमी खर्चात. डॉक्टरांनी तपासून ओआरएस पुरेसं आहे असं सांगितलं, तर उपचार कमी केला असं समजू नका. जुलाब बंद करणाऱ्या गोळ्याही लहान मुलांना मनाने देऊ नका. त्याने आतड्याची हालचाल मंदावते, पाणी आतच साचतं आणि जंतू बाहेर पडत नाहीत.

मधुमेह, बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर

मधुमेह असला तरी जुलाबात ओआरएस घेता येतं. त्यातली साखर औषधासारखी मोजलेली आहे आणि तिच्याशिवाय ते दार उघडत नाही. 'शुगर फ्री' पेयं इथे निरुपयोगी आहेत. साखर मात्र नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधं किडनीतल्या अशाच मीठ-साखरेच्या दाराला अडवतात, म्हणून साखर लघवीतून जाते. तिच्यासोबत पाणीही जातं. जुलाब-उलट्या चालू असताना या गोळ्यांनी अंग जास्त सुकतं आणि रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. त्यामुळे त्या बहुधा तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. मेटफॉर्मिन, लघवी होण्याच्या गोळ्या आणि बीपीच्या काही गोळ्यांचंही तसंच आहे. त्याच दिवशी तुमच्या डॉक्टरांना फोन करून विचारा. इन्सुलिन स्वतःहून बंद करू नका.

हृदय किंवा किडनीच्या आजारात पाणी आणि मीठ मोजून सांगितलेलं असेल, तर ओआरएस किती घ्यायचं हेही विचारूनच ठरवा.

ताबडतोब दवाखाना गाठा

- मूल सुस्त आहे, उठवलं तरी नीट जागं होत नाही किंवा पिऊ शकत नाही.
- डोळे खोल गेले आहेत, रडताना पाणी येत नाही, जीभ कोरडी आहे.
- पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच सपाट होत नाही.
- सहा तासांत लघवी झालेली नाही.
- शौचातून रक्त येतं, ताप खूप आहे किंवा उलट्या थांबतच नाहीत.
- तांदळाच्या धुवणासारखे पाणीदार जुलाब वरचेवर होत आहेत.
- बाळ दोन महिन्यांपेक्षा लहान आहे, पेशंट गरोदर आहे किंवा वयस्कर आहे.

रस्त्यातही ओआरएस पाजत राहा. मानखुर्दहून गोवंडीचं शताब्दी, घाटकोपरचं राजावाडी आणि शीवचं लोकमान्य टिळक ही महापालिकेची रुग्णालयं जवळ आहेत. रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा.

पुन्हा होऊ नये म्हणून

२००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात मानखुर्द-गोवंडीचा एम-पूर्व विभाग शहरात सर्वांत खाली होता. वस्तीत नळाचे पाइप अनेकदा गटाराजवळून जातात. पाणी ठरावीक वेळेलाच येतं आणि नळाला मोटर लावली की पाइपात ओढ निर्माण होते. फुटक्या जागेतून गटाराचं पाणी आत येतं. पाइप दुरुस्त करणं तुमच्या एकट्याच्या हातात नाही. पाण्याला वास किंवा रंग आला, एकाच गल्लीत दोन-तीन घरांत जुलाब सुरू झाले, तर लगेच महापालिकेच्या विभाग कार्यालयात किंवा आरोग्य केंद्रात कळवा. एका घरच्या तक्रारीपेक्षा पूर्ण गल्लीची तक्रार लवकर ऐकली जाते.

घरात एवढं करता येतं: नळ सुरू झाल्यावरचं पहिलं पाणी पिण्यासाठी भरू नका. प्यायचं पाणी खळखळून उकळा किंवा क्लोरीनची गोळी पाकिटावरच्या प्रमाणात टाका. पिंप झाकून ठेवा आणि पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढा, हात बुडवून नको. बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला रोटाव्हायरसची लस तोंडावाटे द्या. सरकारी लसीकरणात ती मोफत आहे.

आणि पावसाळ्याआधी ओआरएसच्या दोन-तीन पुड्या घरात आणून ठेवा. जुलाब बहुधा रात्रीच सुरू होतात आणि तेव्हा मेडिकल बंद असतं. पहिल्या पातळ शौचापासून ओआरएस सुरू केलं, तर बहुतेक मुलांवर सलाइन लावायची वेळच येत नाही.